नांदणीची माधुरी आणि ता क्लांगचे हत्ती

जुलै 2025 मध्ये आईचा फोन आला, "माधुरी गेली गं." नांदणी आमच्या जयसिंगपूरच्या अगदी जवळ. तिथल्या जैन मठाची ही हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारा या प्राणी केंद्रात गेली, तेव्हा अख्खा शिरोळ तालुका रस्त्यावर होता. इकडे थायलंडमध्ये कोराटला बसून मीही रडले.

पण त्याच वर्षी मे महिन्यात मी सुरीन प्रांतातल्या बान ता क्लांगला जाऊन आले होते. तिथे वैशाख पौर्णिमेच्या सुमाराला हत्ती पाळणाऱ्या कुय समाजाची मुलं हत्तीवर बसून भिक्षू व्हायला निघतात. मुंडण केलेलं, अंगावर रंगीत वस्त्रं, डोक्यावर मुकुट. दीक्षेआधी या मुलांना ‘नाक’ म्हणतात, म्हणजे आपला नाग. एक नाग माणसाचं रूप घेऊन संघात आला, झोपेत त्याचं खरं रूप उघड झालं आणि बुद्धांनी त्याला परत पाठवलं, ही त्यामागची कथा. म्हणून आजही उपसंपदेत, म्हणजे भिक्षू होण्याच्या विधीत, पालीतून विचारतात, "मनुस्सोसि?" तू माणूस आहेस ना? मिरवणूक मून नदीकडे निघाली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

तिथले बरेचसे हत्ती घरचे. अंगणात बांधलेले, पायात साखळी, हेही मी पाहिलं आणि ते मला आवडलं नाही. 1989 मध्ये सरकारने जंगलतोडीवर बंदी घातली, लाकूड ओढायचं काम गेलं आणि थायलंडचे किती तरी माहूत हत्ती घेऊन बँकॉकच्या रस्त्यांवर केळी-ऊस विकत फिरू लागले. सुरीनचेही त्यात होते. परंपरेचा अभिमान तेव्हाही होताच, पण त्याने चारा येत नव्हता. पुढे माहुतांना दरमहा पैसे देऊन हत्ती गावी आणायची योजना निघाली, तेव्हा कुठे बरेच परतले.

आपल्याकडे एक बाजू श्रद्धेबद्दल बोलली, दुसरी कायद्याबद्दल. दोन्ही बाजूंची माणसं मनापासून बोलत होती. न्यायालयापुढे माधुरीच्या पायांचं दुखणं आलं, एकटेपण आलं. लहानपणी मी तिच्या सोंडेत कितीदा केळं दिलं, पण तिच्या पायांकडे एकदाही पाहिलं नाही. हे मला फार लागलंय.

माधुरी परत यावी असं आईला वाटतं, मलाही वाटतं. पण आली तर तिच्या सोबतीला दुसरी हत्तीण असेल का? पायाखाली फरशी असेल की माती? आणि माहुताचा पगार दरमहा कोण देणार, हे मठाने आणि आपण गावकऱ्यांनी आधी लिहून द्यावं.