वॉशिंग्टन ‘जन्मभर खोटं बोलले नाहीत’, हे खोटं आहे

बाबांनी साताऱ्याहून तो मेसेज पाठवला तेव्हा मी दुर्लक्ष केलं. मग तोच मावशीकडून आला. गेल्या रविवारी मात्र माझी लेक इथे व्हर्जिनियात, मराठी शाळेतल्या भाषणासाठी तो घडाघडा पाठ करताना दिसली आणि मला राहवेना. मेसेजचं शीर्षक ‘सत्यवचनी जॉर्ज वॉशिंग्टन’, म्हणजे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष. खाली चार दावे: लहानपणी चेरीचं झाड तोडल्याचं कबूल केलं आणि पुढे जन्मभर खोटं बोलले नाहीत, राहणी इतकी साधी की दात लाकडाचे, व्हाइट हाउसमध्ये राहून पगार घेतला नाही, गुलामांना घरच्यासारखं वागवलं आणि सगळ्यांना मुक्त केलं.

चेरीची गोष्ट मेसन वीम्स नावाच्या पाद्र्याने लिहिलेल्या चरित्रात आली, तीही १८०६ च्या आवृत्तीत. वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ लाच वारले होते. फ्रेडरिक्सबर्गजवळच्या फेरी फार्मवर, जिथे त्यांचं बालपण गेलं, तिथे घराचा पाया उत्खननात सापडला आहे. या गोष्टीला मात्र कसलाच आधार सापडलेला नाही.

आणि ‘जन्मभर खोटं नाही’ याला उत्तर त्यांच्याच पत्रात आहे. ते राष्ट्राध्यक्ष असताना, १७९० पासून राजधानी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फिलाडेल्फियाला होती. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार, बाहेरून आलेल्या मालकाने गुलामाला सलग सहा महिने राज्यात ठेवलं तर तो गुलाम स्वातंत्र्य मागू शकत असे. मुदत भरत आली की माणसांना राज्याबाहेर नेऊन परत आणायची पळवाटही १७८८ मध्ये बंद केली होती. तरी १२ एप्रिल १७९१ रोजी वॉशिंग्टननी आपले सचिव टोबियास लिअर यांना लिहिलं की आपल्या तिथल्या घरातल्या गुलामांना व्हर्जिनियाला परत पाठवायचं ते अशा सबबीखाली, की तेही फसतील आणि जनताही. हे त्यांचे स्वतःचे शब्द आहेत. ज्या माणसाच्या नावाने आपण मुलांना खरेपणा शिकवतो, त्याने माणसं ताब्यात ठेवण्यासाठी खोटं बोलायची लेखी सूचना दिली होती.

आता ‘घरच्यासारखं’. त्या फिलाडेल्फियाच्या घरात ओना जज नावाची बाविशीची गुलाम मुलगी मार्था वॉशिंग्टन यांचं शिवणकाम करायची, त्यांचे कपडे सांभाळायची. मार्थाबाई आपल्याला नातीला देऊन टाकणार आहेत, हे तिला कळलं. मे १७९६ मध्ये घरची मंडळी जेवायला बसलेली असताना ती निघाली आणि जहाजाने न्यू हॅम्पशरला पोहोचली. दोनच दिवसांत, तिला पकडून देणाऱ्यास १० डॉलर इनाम अशी जाहिरात निघाली. पळून जायला तिला काहीच कारण नव्हतं, असं तीत लिहिलं होतं. वॉशिंग्टन तिला परत आणायच्या खटपटीत राहिले. पळालेल्यांना पकडून नेण्याचा १७९३ चा कायदाही त्यांच्याच सहीचा. म्हातारपणी तिला कुणीतरी विचारलं, वॉशिंग्टनांचं घर सोडल्याचा पश्चात्ताप होतो का. ती म्हणाली, नाही, मी स्वतंत्र आहे. १८४८ मध्ये ती वारली, तेव्हाही कायद्याच्या लेखी गुलामच होती. भाषण पाठ करणाऱ्या माझ्या लेकीला मी हे सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, “मग घरचीच होती तर पकडायला का गेले?”

बाबा, ‘गुलामगिरी’ मला तुम्हीच वाचायला दिलं होतं. कटगुणच्या फुले घराण्यातल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. ते पुस्तक ज्यांच्या घरात आहे, त्यांनी हा मेसेज पुढे पाठवावा याचं मला फार वाईट वाटलं.

‘मुक्त केलं’ हे अर्धं खरं आहे, ते मान्य करते. १७९९ च्या मृत्युपत्रात त्यांनी स्वतःच्या मालकीच्या सगळ्या गुलामांना मुक्त करायचं लिहिलं, आणि त्या काळच्या इतर बड्या जमीनदारांशी तुलना करता हे लहान नव्हतं. पण ते व्हायचं होतं मार्थाबाईंच्या मृत्यूनंतर; जिवंतपणी त्यांनी तसं केलं नाही. (पुढे मार्थाबाईंनी १ जानेवारी १८०१ पासूनच त्यांना मोकळं केलं.) माउंट व्हर्ननला, म्हणजे त्यांच्या व्हर्जिनियातल्या इस्टेटीवर, तेव्हा ३१७ गुलाम होते. त्यांतले जेमतेम सव्वाशे वॉशिंग्टनांचे. दीडशेच्या वर मार्थाबाईंच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले, त्यांना सोडायचा हक्क दोघांनाही नव्हता. ते नातवंडांत वाटले गेले. नवरा मोकळा आणि बायको-मुलं गुलाम, अशी कितीतरी घरं तुटली.

दात लाकडाचे नव्हते. कवळीत हस्तिदंत, शिसं, जनावरांचे आणि माणसांचे दात होते. १७८४ च्या हिशेबाच्या वहीत ‘नीग्रोंना’ ९ दातांचे ६ पौंड २ शिलिंग दिल्याची नोंद आहे. आणि व्हाइट हाउसमध्ये पहिले राहायला गेले दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स, नोव्हेंबर १८०० मध्ये. पगार नाकारायची इच्छा वॉशिंग्टननी बोलून दाखवली होती खरी, पण वर्षाला २५,००० डॉलर घेतले.

लेकीच्या भाषणातून चेरीचं झाड गेलं आहे. आता भाषण ओना जजवर आहे. बाबा, हे सगळं त्याच ग्रुपवर टाका, जिथून तो मेसेज आला होता.