एमआरएनए लस दहा महिन्यांत जन्मली नाही

गेल्या महिन्यात बारावीला प्रथिनांची निर्मिती शिकवत होते. फळ्यावर रायबोझोम, म्हणजे एमआरएनएतला निरोप वाचून प्रथिन बनवणारं पेशीतलं यंत्र, काढून झाला आणि मधल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, काकांनी घरच्या ग्रुपवर टाकलंय, कोरोनाच्या लशीतला एमआरएनए आपल्या जनुकांत जाऊन बसतो आणि कधीच निघत नाही. मीपण लस घेतलीय.” तिला परीक्षेपुरतं उत्तर नको होतं. ती घाबरली होती.

तो मेसेज मलाही तीन ग्रुपांवरून आला आहे. त्यात थोडक्यात असं म्हटलंय: लस बनायला दहा वर्षं लागतात, ही दहा महिन्यांत आली, म्हणजे चाचण्या न करताच टोचली, एमआरएनए माणसाचा डीएनए कायमचा बदलतो, भारतात घरोघरी हेच टोचलं गेलं, आणि म्हणूनच आज धडधाकट तरुण नाचताना, जिममध्ये, क्रिकेट खेळताना कोसळतात. शेवटी ‘आपल्या माणसांना वाचवा, पुढे पाठवा’. पाठवणारे बहुतेक जण खरोखर काळजीपोटी पाठवतात. म्हणूनच एकेक मुद्दा नीट बघायला हवा.

भारतात घरोघरी एमआरएनए टोचल्याच्या मुद्द्याचा निकाल लगेच लागतो, तो आधी. मी त्या मुलीला मोबाइलमधलं लसीकरणाचं प्रमाणपत्र उघडायला सांगितलं. त्यावर लशीचं नाव होतं कोर्बेव्हॅक्स. 2022 च्या मार्चपासून बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना दिली ती हीच. यीस्टच्या पेशींमध्ये तयार केलेलं विषाणूचं एक प्रथिन, बस. कावीळ-बीच्या लशीतलं प्रथिनही अशाच पद्धतीने बनतं. मोठ्यांपैकी बहुतेकांना मिळाली ती कोविशिल्ड, पुण्याच्या सीरममध्ये बनलेली. तिच्यात निरुपद्रवी केलेला अडिनोव्हायरस असतो. कोवॅक्सिनमध्ये मारलेला कोरोना विषाणू. आपल्याकडे दोनशेवीस कोटींच्या आसपास डोस दिले गेले, त्यांत फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लशी सरकारी मोहिमेत कधी आल्याच नाहीत. भारताची स्वतःची एमआरएनए लस आहे, पुण्याच्याच जेनोव्हाची. पण तिला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली जून 2022 मध्ये, म्हणजे दोन डोस बहुतेकांचे घेऊन झाल्यानंतर. ज्यांना शंका असेल त्यांनी आपापलं प्रमाणपत्र काढून बघावं, दोन मिनिटांचं काम आहे.

त्या जेनोव्हाच्या लशीबद्दल एक वाक्य जास्तीचं लिहिते, कारण मला तिचं मनापासून कौतुक आहे. फायझरच्या लशीला सुरुवातीला उणे सत्तर अंशांच्या आसपासची थंडी लागायची. जेनोव्हाने आपली लस भुकटीच्या रूपात आणली, दोन ते आठ अंशांत टिकणारी. म्हणजे तालुक्याच्या आरोग्य केंद्रात पोलिओ-गोवरच्या लशी ज्या फ्रिजमध्ये ठेवतात, त्यातच ती राहू शकते.

आता ते ‘दहा महिने’. या एका मुद्द्यासाठी मी वेळ घेणार आहे, कारण या शतकातल्या फार मोठ्या शोधावर त्याने अन्याय होतो.

एमआरएनए म्हणजे काय हे 1961 मध्येच कळलं होतं. 1990 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी उंदराच्या स्नायूत एमआरएनए टोचला आणि त्या स्नायूने प्रथिन तयार करून दाखवलं. अडचण पुढेच होती. प्रयोगशाळेत बनवलेला एमआरएनए टोचला की शरीर त्याला शत्रूच समजायचं. दाह व्हायचा आणि प्रथिन बनणं खुंटायचं. कॅटलिन कारिको हंगेरीच्या सेगेद शहरातून 1985 मध्ये नवरा आणि लहान मुलीला घेऊन अमेरिकेला गेल्या. घरची गाडी विकून आलेले नऊशे पौंड त्यांनी मुलीच्या टेडी बेअरमध्ये शिवून नेले, कारण इतके पैसे देशाबाहेर न्यायला परवानगी नव्हती. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात या कामासाठी अनुदानं मिळेनात आणि 1995 मध्ये त्यांना खालच्या पदावर उतरवलं. त्यांनी काम सोडलं नाही. झेरॉक्स मशीनपाशी ड्र्यू वाइसमन यांच्याशी ओळख झाली आणि दोघं मिळून एकाच प्रश्नाच्या मागे लागले: आपल्याच पेशींत इतका आरएनए असतो, मग त्याने दाह का होत नाही?

उत्तर मिळालं ते टी-आरएनएकडे, म्हणजे प्रथिनासाठी कच्चा माल आणून देणाऱ्या आरएनएकडे, बघून. त्याने दाह होत नव्हता, आणि त्याच्या अक्षरांत निसर्गाने बारीक बारीक बदल केलेले असतात. मग या दोघांनी एमआरएनएमधल्या युरिडीन या अक्षराच्या जागी त्याचंच किंचित बदललेलं रूप, स्यूडोयुरिडीन, घातलं. दाह शमला. हा निबंध 2005 सालचा. 2023 चं नोबेल याच कामाला मिळालं.

तरी लस झाली नव्हती. एमआरएनए इतका नाजूक की उघडा टोचला तर पेशीपर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे तुकडे. त्याला मेदाच्या अतिसूक्ष्म कणांत गुंडाळण्याची युक्ती वर्षानुवर्षं घोटून तयार झाली. त्या कणांत भरलेलं एक आरएनए औषध 2018 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, नसांच्या एका दुर्मीळ आजारासाठी. तिसरा धागा मर्सच्या, म्हणजे आधीच्या एका कोरोना विषाणूच्या साथीचा. कोरोना विषाणूंच्या काटेरी प्रथिनाचा आकार पटकन मोडतो. दोन जागी प्रोलीन हे अमिनो आम्ल घातलं की तो टिकतो, हे बार्नी ग्रॅहम, जेसन मॅक्लेलन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 पर्यंत दाखवून दिलं होतं.

म्हणून 11 जानेवारी 2020 ला नव्या विषाणूचा जनुकक्रम जाहीर झाला तेव्हा शोधायचं फार थोडं उरलं होतं. अक्षरं नवी घालायची होती. मॉडर्नाच्या लशीचा पहिला डोस सिअ‍ॅटलमध्ये 16 मार्चला दिला गेला.

आणि चाचण्या? त्या झाल्या. फायझरच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे त्रेचाळीस हजार माणसं होती. अर्ध्यांना लस, अर्ध्यांना मिठाचं पाणी, आणि कुणाला काय दिलं हे ना घेणाऱ्याला माहीत, ना त्याला तपासणाऱ्या डॉक्टरला. दुसऱ्या डोसला आठवडा उलटल्यानंतर त्यांतल्या 170 जणांना कोविड झाला. 162 मिठाच्या पाण्याच्या गटातले, आठ लशीच्या. एरवी वर्षं जातात ती निधी जमवण्यात, एक टप्पा संपल्यावर दुसऱ्याची वाट बघण्यात आणि पुरेशी माणसं आजारी पडेपर्यंत थांबण्यात. इथे सरकारांनी पैसा आधीच ओतला, टप्पे एकमेकांवर चढवले, आणि साथ इतकी पसरली होती की थांबावं लागलं नाही. वाचला तो रांगेतला वेळ.

‘काहीही पास करून टाकलं’ म्हणणाऱ्यांनी जर्मनीच्या क्युअरव्हॅक कंपनीचं काय झालं ते बघावं. तिची लसही एमआरएनएचीच, पण त्यात युरिडीन बदललेलं नव्हतं. 2021 मध्ये तिचा निकाल आला, परिणामकारकता 48 टक्के. कंपनीने मंजुरीचा अर्ज मागे घेतला. निकाल कमी लागण्यात विषाणूच्या नव्या रूपांचा आणि छोट्या डोसचाही हात असावा.

डीएनए बदलण्याचा मुद्दा मी वर्गात सातबाऱ्यावर समजावते. मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरात, तसा डीएनए पेशीकेंद्रकात. एमआरएनए म्हणजे हातात आलेला उतारा. रायबोझोम तो वाचतो, प्रथिन बनवतो, आणि कागद फाटून जातो. दप्तरातली नोंद बदलायची तर फेरफार घालावा लागतो. एचआयव्हीसारख्या विषाणूकडे त्यासाठी स्वतःची विकरं असतात. लशीत ती नाहीत, आणि लशीतला एमआरएनए केंद्रकात जातही नाही. तो बहुतेक काही दिवसांत मोडतो. लसिकाग्रंथींत काही आठवडे त्याचे अंश सापडल्याच्या नोंदी आहेत, आयुष्यभराच्या नाहीत. मेसेजखाली स्वीडनच्या ज्या अभ्यासाचा दाखला येतो, तो 2022 चा आहे आणि बशीतल्या यकृताच्या कर्करोगपेशींवरचा आहे. लशीचा क्रम माणसाच्या जनुकसंचात शिरला असं त्यात दाखवलेलंच नाही. शिवाय कोरोना हा स्वतः आरएनए विषाणू आहे. ज्यांना तो झाला त्यांच्या पेशींत त्याचा आरएनए शिरलाच होता, आणि आपल्या प्रती काढतही होता.

राहिला हृदयाचा मुद्दा, आणि इथे मी हात झटकणार नाही. एमआरएनए लशींमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. ते दुर्मीळ आहे, बहुतेक तरुण मुलग्यांत, दुसऱ्या डोसनंतरच्या काही दिवसांत दिसलं, आणि बहुतेक जण बरे झाले. कोविशिल्डनेही फार थोड्यांना रक्ताच्या गाठींचा गंभीर त्रास झाला. ज्यांच्या घरात हे घडलं त्यांना ‘दुर्मीळ’ या शब्दाने दिलासा मिळत नाही. लस घेतली की संसर्गच होणार नाही असं जे ठासून सांगितलं गेलं, तेही चुकीचं ठरलं, आणि त्या चुकीने लोकांचा विश्वास उडाला हे मला मान्य आहे.

पण नाचताना कोसळणाऱ्या तरुणांचा प्रश्न आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, थेट तपासला. 18 ते 45 वयात अचानक गेलेली 729 माणसं घेतली, 47 रुग्णालयांच्या परिसरातली, आणि त्यांच्या जोडीला त्याच वयाची, त्याच भागातली 2916 जिवंत माणसं. लशीमुळे धोका वाढलेला दिसला नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढलेला दिसला तो कोविडने रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्यांत, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू प्यायलेल्यांत, नशा केलेल्यांत, फार जोराचे श्रम केलेल्यांत आणि घराण्यात असा अचानक मृत्यू झालेल्यांत.

त्या मुलीने हे ऐकल्यावर हळूच सांगितलं, तिचे आजोबा पन्नाशीच्या आत शेतात काम करता करता गेले होते. कोरोनाच्या कितीतरी वर्षं आधी. काका त्यांचेच चिरंजीव. मी तिला म्हटलं, मेसेज खोटा आहे हे काकांना सांगच, पण त्याआधी त्यांना ईसीजी काढायला घेऊन जा, आणि बाबांनाही.