मुकी पेटी

मे महिन्यात आमच्या आचऱ्याच्या बाजूला 'पेटी आली' असं ओरडायचं असेल तर कसली पेटी तेही लगेच सांगावं. मी सांगितलं नाही. कुरिअरवाल्याने खळ्यात खोका टेकवला, मी ओरडलो, आणि मागीलदारी विहिरीवर असलेल्या बाबांनी तिथूनच विचारलं, "पाच डझनी काय सहा?"

"एकोणपन्नास!"

बाबा ओल्या पायांनी धावत पुढच्या दारी आले. मामाने यंदा अख्खी बाग पाठवली असावी, असा त्यांचा समज. खोक्यातून एकोणपन्नास पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड निघाला, तेव्हा ते काही बोलले नाहीत. खोक्यातलं गवत नसलेलं प्लास्टिक तेवढं त्यांनी चाचपून पाहिलं आणि परत विहिरीवर गेले.

या एकोणपन्नासपर्यंत पोचायला मला दीड महिना लागला होता. घरी गाणी रचायची, तर आधी किती पट्ट्या हव्यात हे ठरवावं लागतं. अठ्ठ्याऐंशी घेतल्या की पियानो घरात आल्यासारखं वाटतं, पण ते धूड सव्वाचार फुटांचं. माझ्या खोलीत भाताची कणगी आहे आणि मी आहे, आणि दोघांतलं एक बाहेर काढायचं ठरलं असतं तर कणगी राहिली असती. पंचवीस पट्ट्यांचा कीबोर्ड मांडीवर मावतो, पण त्यात दोनच सप्तकं. शिवाय बहुतेकांच्या पट्ट्या बारक्या. मित्राकडच्या तसल्या एकावर मी बोट ठेवलं तर सा आणि कोमल रे दोघे एकदम हजर झाले. एकसष्ट मनात भरला होता. सुतारी टेप लावून पाहिला, आठ इंच दाराबाहेर जात होता. राहिला एकोणपन्नास. चार सप्तकं, आठ फिरकीचे नॉब, आठ पॅड, आणि 'आता गाणं न होण्याचं कारण उरलं नाही' अशी एक चुटपुट लावणारी भावना.

संध्याकाळी शेजारचे बुवा पेटी बघायला आले. बुवा डबलबारीत, म्हणजे भजनांच्या जुगलबंदीत, उभी हयात गेलेले. समोरचा बुवा कुठल्या ओळीवर अडखळणार हे त्यांना तो तोंड उघडण्याआधी कळतं. त्यांनी कीबोर्ड उचलून मागून पाहिला, पुढून पाहिला.

"भातो खंय?"

भाता नाही, म्हटलं. त्यांनी एक पट्टी दाबली, मग चार दाबल्या.

"मगे आवाज?"

इथे माझी खरी पंचाईत. कारण या वस्तूला स्वतःचा आवाज नाहीच. ती फक्त निरोप देते. अमकी पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली. आवाज लॅपटॉपने काढायचा. मिडी म्हणजे हा निरोपांचा कायदा, १९८३ सालचा. त्या जानेवारीत अमेरिकेत नॅम नावाच्या वाद्यांच्या जत्रेत सिक्वेन्शियलचा प्रोफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ अशी एकमेकांच्या धंद्यावर उठलेल्या दोन कंपन्यांची वाद्यं एका वायरने जोडली, आणि एकावर बोट ठेवलं की दुसरं बोलू लागलं. त्याबद्दल सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांना पुढे २०१३ साली तांत्रिक ग्रॅमी मिळालं. हे सगळं मी बुवांना भक्तिभावाने सांगितलं.

"म्हणजे मुकी आसा," बुवा म्हणाले. "किती पैसे दिलंस?"

मी विषय बदलून पट्टीवर आणला. तुमची काळी दोन ना? हे एक बटण तीनदा दाबलं की पांढऱ्या एकवर वाजवा, ऐकू काळी दोन येईल. हे मात्र बुवांना आवडलं. मग डावीकडचं चाक फिरवून मी सूर सरकवून दाखवला. मींड येत नाही म्हणून १९४० पासून तीसेक वर्षं ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी होती, आणि इथे मींडेसाठी १६,३८४ पायऱ्यांचं चाक. बुवांनी ते दोनदा फिरवलं, डोळे मिटले, आणि जाताना काळी दोन तशीच ठेवायला सांगून गेले. गणपतीपर्यंत सराव इथेच करायचा त्यांचा विचार दिसला.

यानंतर मॅपिंग. आठ नॉब कोऱ्या पाटीसारखे असतात, कुठल्याने काय हलायचं ते आपण शिकवायचं. सॉफ्टवेअरमध्ये 'मिडी लर्न' म्हणायचं आणि नॉब हलवायचा, एवढंच. मी लर्न म्हटलं, आणि नॉबकडे हात नेताना कोपर मॉड्युलेशनच्या चाकाला लागला. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, त्या चाकाला जाऊन चिकटला. तो सोडवायला गेलो तर आवाज आणि रिव्हर्ब एकाच नॉबवर बसले. गाणं मोठं केलं की ते गुहेत जायचं, लहान केलं की आमच्या न्हाणीघरात.

खरं तर हे मला नवं नव्हतं. पडवीतल्या आमच्या स्विचबोर्डावरही आठच बटणं आहेत. आजोबांनी घर वाढवलं, बाबांनी वाढवलं, वायरमन दर खेपेला वेगळा. पहिलं बटण ओटीवरच्या बल्बचं, दुसरं मागल्या न्हाणीचं, पाचवं दाबलं की सहावं चालू होतं, आणि तिसरं कसलंच नाही. पाहुण्यांना अंधारात बसावं लागतं, पण बाबांचं बोट चुकत नाही. त्यांचा नकाशा डोक्यात. माझा कागदी चिकटपट्टीवर, नॉबखाली नीट लिहून लावलेला. जुलैत तिचा गोंद सुटला, आणि 'बास' एका सकाळी 'ट्रेबल'च्या जागी जाऊन बसला होता.

बाबा एकदा मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर आकडा सरकत होता. "एकशे सत्तावीसच्या फुडे जायना कित्याक?" सात बिटांचा हिशोब, शून्य धरून १२८ पायऱ्या, मी म्हटलं. "शंभर करूक काय झाला होता?" याला जपान-अमेरिकेतही कुणाकडे उत्तर असेल असं वाटत नाही.

सगळ्यात छळलं ते नॉबच्या जागेने. सॉफ्टवेअरमध्ये आवाज वीसवर असतो, नॉब मात्र कालच्या गाण्यापासून एकशे दहावर. रात्री अकराला मी नॉबला नखभर स्पर्श केला, आणि आवाज वीसवरून थेट तिथे उडाला. वाडीतली सगळी कुत्री उठली. यावर तोड म्हणून 'पिकअप' असतो. आकडा वीसच्या थांब्यावर उभा, नॉबची एस.टी. तिथवर गेली तरच तो चढणार, तोवर कितीही फिरवा, काही होत नाही. हे कळेपर्यंत मी नॉब बिघडला समजून खारी हवा, वाळवी आणि विकणारा या सगळ्यांना शिव्या दिल्या.

एवढं करून बसवलेलं मॅपिंग मी त्या एका गाण्याच्या फाईलमध्येच जतन केलं होतं. नवी फाईल उघडली की आठही नॉब पुन्हा कोरे. टेम्प्लेट करून ठेवायचं असतं, हे मला तिसऱ्या खेपेला सुचलं.

श्रावणात नवंच सुरू झालं. रोज रात्री नऊच्या सुमाराला कीबोर्ड मान टाकायचा. मी ड्रायव्हर काढून पुन्हा घातले, वायर बदलली, कीबोर्ड लॅपटॉपला जोडणारा विजेवरचा हब बदलला, एक रात्र नुसती पिना पुसण्यात घालवली. सकाळी बघावं तर ठणठणीत.

शेवटी एका रात्री मी एक लांब सूर धरला होता, काळी दोनचा सा, आणि कीबोर्ड गेला. लॅपटॉप आणि स्पीकर इन्व्हर्टरवर, ते चालूच. पट्टी दाबल्याचा निरोप पोचला होता, सोडल्याचा निघण्याआधीच निरोप्या मेला. सूर थांबेना. मी बोट उचललं, कीबोर्ड उचलला, वायरच उपटली. सूर आपला संथ चालू. मी माउसने सगळे सूर एकदम गप्प करणारं पॅनिकचं बटण शोधत असताना खळ्यातून बुवांचा आवाज आला.

"तसोच ठेव रे! बरो लागता."

आणि त्यांनी गजर धरला. पलीकडून त्यांच्या नातवाने पखवाज ओढला. आई झांजा घेऊन ओटीवर आली. मी लॅपटॉपला हात न लावता पडवीत गेलो. तिथे बाबा बोर्डासमोर उभे.

"ह्या तिसरा बटान रोज कोण चालू ठेवता?"

"ता कसलाच नाय ना?"

"नाय. मगे चालू कित्याक ठेवचा?"

मी तिसरं बटण दाबलं. आत हबचा निळा दिवा लागला. धावत जाऊन वायर जोडली, कीबोर्ड जागा झाला, आणि बुवांना साथ द्यावी म्हणून मी भक्तीने सा वर बोट ठेवलं. बंद होऊन चालू झालेला कीबोर्ड काळी दोन साफ विसरलेला. त्याने पांढरी एक दिली, जुन्या सुराच्या बरोबर छातीवर.

पखवाज थांबला.

"मेल्या," खळ्यातून बुवा म्हणाले, "मधीच पट्टी कित्याक बदललंस?"