नळी नको म्हणजे उपाशी ठेवा असं नाही

डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, शेवटच्या टप्प्यात माणूस गिळायचंसुद्धा विसरतो. कोल्हापूरला शिवाजी पेठेत आमच्या आत्तींचं सध्या तेच चाललंय. घास गालात तसाच राहतो, पाण्याचाही ठसका लागतो. नाकातून नळी घालायची की नाही, यावरून घरात दोन तट पडलेत. मुंबईचे दादा फोनवर म्हणतात, "मग काय आईला उपाशी मारायचं?" आत्तींना चारी वेळा भरवणाऱ्या वैनींना मात्र कुणी काही विचारत नाही.

मी इंग्लंडमध्ये वृद्धांच्या केअर होममध्ये नर्स आहे. इथल्या 'नाइस' या आरोग्यविषयक संस्थेची 2018 ची मार्गदर्शिका सांगते, की डिमेन्शिया तीव्र असेल तर सरसकट नळी घालू नये. बरा होण्याजोगा दुसरा आजार असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची संघटनाही हाताने भरवा असंच सांगते. नळीने अशा रुग्णांचं आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. न्यूमोनियाही टळत नाही, कारण लाळ आणि पोटातून उलटून वर आलेलं अन्न श्वासनलिकेत जातंच. शिवाय रुग्ण नळी उपसतो. कोल्हापुरातच एका ओळखीच्या आजोबांचे हात त्यासाठी बँडेजने पलंगाच्या कठड्याला बांधलेले मी पाहिलेत. याला सेवा म्हणायला माझं मन तयार नाही.

भरवणं हेही कसबाचं काम आहे. ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली. गुरगुट्या भात किंवा दाटसर आंबील, अर्धाच चमचा. गिळलं का, तोंड रिकामं झालं का, ते बघूनच पुढचा घास. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. आणि तोंड मिटून घेतलं तर थांबायचं. शेवटी शेवटी भूकच मंदावते. तेव्हा दोन चमचे गेले तरी पुष्कळ, ओठ नि जीभ ओली ठेवावी. याला उपासमार म्हणणं वैनींवर अन्याय आहे.

इथं इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. गिळणं तपासणारे थेरपिस्ट येतात, पण एका माणसाजवळ पाऊण तास बसायला हात कमी पडतात. कोल्हापूरच्या घरात माणसं आहेत, फक्त सगळा भार एकीवर.

आणखी एक. शेवटी असे उपचार हवेत की नकोत, ही आपली इच्छा शुद्ध शाबूत असतानाच लिहून ठेवता येते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. आत्तींच्या बाबतीत ती वेळ गेली. दादांनी, वैनींनी, मी, आम्ही सगळ्यांनी ते आता करायला हवं.

आणि दादा, नळीचा आग्रह सोडा नि दर रविवारचं आत्तींचं जेवण तुम्ही भरवा. रात्रीच्या बाईचा पगार मी देते.