निळ्या समुद्राचं वांगं

२८ मे. नवतपा सुरू झालेला, नागपूर ४५ अंशांवर. अशा भरदुपारी मी बेडरूमचं दार लावून, एसी १८ वर ठेवून, अंगावर शाल घेऊन पलंगावर मांडी घालून बसलो होतो. पुढ्यात स्टीलचं पातेलं, हातात बीटर, उशीवर आयसिंग शुगरची पिशवी. दाराबाहेरून आई विचारत होती, "काऊन रे, ताप आला का तुले?"

ताप नव्हता. मी केकवर थापायचं फ्रॉस्टिंग करत होतो.

आमच्या चिरंजीवांना दुधाची ॲलर्जी आहे. आठ महिन्यांचा असताना कुणीतरी मायेनं पेढ्याचा कण त्याच्या जिभेला लावला. थोड्या वेळात ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि ती रात्र आम्ही दवाखान्यात काढली. हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "मग लॅक्टोज-फ्री घ्या ना, माझ्या भाच्यालाही पचत नाही." लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचली नाही तर पोट कुरकुरतं. आमच्या पोराचं भांडण साखरेशी नाही, केसीन वगैरे प्रथिनांशी आहे, आणि लॅक्टोज काढलेल्या दुधातही ही मंडळी पाय पसरून बसलेली असतात. हे मी आता झोपेतही सांगू शकतो. बायको म्हणते, सांगतोच.

पण आपल्याकडे दूध हा 'घातलेला पदार्थ' मुळी धरतच नाहीत. "यात दूध आहे का हो?" "छे, अजिबात नाही." "खवा?" "हां, खवा आहे ना!" आईचं तर ठाम मत, की तूप म्हणजे दूध नव्हे. तूप औषध आहे. तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो हे डॉक्टरांनी तिला तीनदा समजावलं. तिन्ही वेळा तिनं मान डोलावली आणि घरी येऊन मला विचारलं, "पण साजूक असलं तर?"

यंदा सहावा वाढदिवस. आजवर पाच वर्षं आम्ही कलिंगडावर मेणबत्त्या लावल्या होत्या. आता मात्र साहेबांना केक हवा होता, तोही निळ्या समुद्राचा, वर शार्क. बेकरीत गेलो.

"भाऊ, दूध न घातलेला केक मिळेल?"

"एगलेस आहे ना साहेब."

"अंडं नाही, दूध."

"प्युअर व्हेज आहे, साहेब."

"अहो, दूध नको!"

"प्युअर दूधच वापरतो आम्ही. पावडर नाही."

अंडं काढलं की त्या जागी कंडेन्स्ड मिल्क नाहीतर दही घालायचं, ही आपली एगलेसची रीत. घरी आईला अंडं चालत नाही आणि पोराला दूध, म्हणजे दोन्ही दारं बंद. केकचा प्रश्न तसा लवकर सुटला. मैदा, कोको, तेल, खायचा सोडा आणि व्हिनेगर, एवढ्यावर तो बिचारा फुगतो. भिजलेल्या स्पंजसारखा साधा, समजूतदार केक. घोडं अडलं ते वरच्या क्रीमवर.

दुकानदारानं ठसठशीत 'नॉन-डेअरी' लिहिलेला व्हिपिंग क्रीमचा डबा काढून दिला. मला भरून आलं. मग सवयीनं मोबाइलचा टॉर्च लावून मागची मुंगीच्या पावलांची अक्षरं वाचली. सोडियम केसीनेट. म्हणजे दुधाचंच प्रथिन. पुढच्या दारावर 'आम्ही इथे राहत नाही' अशी पाटी लावून मागच्या खोलीत आख्खं खटलं नांदावं, तशातली गत. नारळाच्या दुधाची पावडर उचलली, तर तिच्यातही तेच. अरे, नारळाला कुठून आलं आचळ?

मग प्रयोग. पहिला नारळाच्या दुधाचा. डबा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा, वर जमलेली घट्ट साय काढून फेटायची. दिसायला अगदी लोणी. पण खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं आणि आमच्या स्वयंपाकघरात सकाळी सातलाही ३४. टेबलापर्यंत पोचेतो क्रीमची सोलकढी झाली.

दुसरा प्रयोग काबुली चण्यांचा. चणे शिजवलेलं पाणी आटवून, गार करून, साखर घालून फेटलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुलतं. हे २०१४ साली एका फ्रेंच गायकाला सुचलं. गायकाला काय सुचेल सांगता येत नाही. मी वीस मिनिटं फेटलं आणि खरोखरच पातेल्यात हिमालय उभा राहिला. पातेलं उलटं धरून बायकोच्या डोक्यावर नेलं, एक थेंब पडला नाही. अभिमानानं ते हॉलमध्ये आणून कूलरसमोर ठेवलं आणि तिथेच चुकलो. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी ती ओली, सुगंधी हवा माणसाला स्वर्ग, पण साखरेच्या फेसाला काळ. अर्ध्या तासात हिमालयाला घाम फुटला, तासाभरात पायथ्याशी तळं. वर घरभर छोल्यांचा वास. आईनं भटुऱ्यांची कणीक भिजवून ठेवली होती.

शेवटी डालडा. लहानपणी टेकाडावरच्या हलवायाकडे पाहिलेला, तोच पांढरा, रवाळ. घटक वाचले: वनस्पती तेल आणि जीवनसत्त्वं, बस. तो गरमीत जरा तग धरतो. त्यात आयसिंग शुगर, दोन चमचे नारळाचं घट्ट दूध, आणि एसीत शाल पांघरून अर्धा तास फेटणं. चाखलं. गोड होतं, पण टाळूला मेणाचा थर. निळ्या रंगासाठी बाल्कनीतल्या गोकर्णीची फुलं गरम पाण्यात भिजवून ठेवली होती. ते पाणी थेंबथेंब घातलं, तसा पातेल्यात आभाळासारखा निळा उतरला. डोळे निवले. फक्त तो मेणचटपणा मारायला काहीतरी आंबट हवं होतं, म्हणून मी लिंबू पिळलं.

गोकर्णीच्या निळ्यात लिंबू पडलं की काय होतं हे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. मी पाहत राहिलो. समुद्र जांभळा झाला.

पुन्हा करायला डालडा होता, वेळ नव्हता. थापला. वर उकळत्या पाण्यातून काढलेला प्लास्टिकचा शार्क रोवला. चिरंजीव आले, कमरेवर हात ठेवून त्यांनी पाहणी केली.

"बाबा, हे वांगं आहे."

"संध्याकाळचा समुद्र आहे रे."

"वांग्यात शार्क आहे," त्यानं मित्रांना जाहीर केलं आणि बारा पोरं त्या वांग्याच्या वावरात तुटून पडली. त्यानं तीन तुकडे खाल्ले. बोटं चाटली, ताटली चाटली, शेवटी शार्कही चाटून पुसून ठेवला.

शेजारच्या काकूंनी चमच्याच्या टोकानं क्रीम चाखलं. "छान झालं बाप्पा. पण थोडी साय घातली असती नं, तर आणखी मस्त लागलं असतं."

मी तोंड उघडणार, इतक्यात आई म्हणाली, "साय नाही चालत. केसीन असते त्यात."

मी थक्क होऊन तिच्याकडे पाहिलं. काकू पाणी प्यायला आत गेल्या, तशी ती माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "तूप चाललं असतं पण, नाही का रे?"