सहाचं तोंड उघडं की मिटलेलं?

पणजीतल्या एका मराठी दैनिकात मी मुद्रितशोधक होतो. ऱ्हस्व-दीर्घ पाहण्यात उमेद गेली आणि डोळे अधू झाले. पण छापलेल्या अक्षरातली खोट माझ्या नजरेतून सुटत नाही, असा सासरच्या मंडळींचा ठाम समज आहे. त्याच भांडवलावर त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं आणि मला न्यायाधीश केलं.

खटला सासऱ्यांच्या घड्याळाचा. ते वास्कोत एका शिपिंग एजन्सीत होते. मुरगाव बंदरात लोहखनिज न्यायला जहाजं येत, जहाजांवर अधिकारी असत आणि अधिकाऱ्यांनाही कधीतरी पैशांची नड लागे. अशाच एका नडीतून सत्तरच्या दशकात हे रोलेक्स सबमरिनर, म्हणजे पाणबुड्यांसाठी बनवलेलं घड्याळ, घरात आलं. बिल नाही, डबा नाही. सासरे ते घालून मासळीबाजारात जात आणि त्याच हाताने बांगडे चाचपून बघत. खरं की खोटं, हा प्रश्न तेव्हा फक्त बांगड्याच्या ताजेपणाबद्दल निघायचा.

सासरे गेले आणि इन्व्हेंटरी काढायची वेळ आली. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे वारसाहक्क पोर्तुगीज काळापासूनच्या नियमांवर चालतो. मालमत्तेची यादी कोर्टात द्यायची, मुलगा-मुलगी सारखेच वाटेकरी, आणि जमलं नाही तर वारसांनी आपापसांत बोली लावायची. घर, माड, काजूचं भाट सगळं बिनबोभाट लिहून झालं. घड्याळापाशी लेखणी अडली. ते मोठ्या मेव्हण्याच्या कपाटात होतं. तो म्हणाला, "डुप्लिकेट आहे ते. यादीत कशाला? बाबांची आठवण म्हणून राहील माझ्याकडे." धाकटा म्हणाला, "ओरिजिनल आहे, यादीत घाला." माझी बायको, म्हणजे तिसरी वाटेकरी, दोघांकडे बघून म्हणाली, "आमचे हे बघून सांगतील."

मग मोठ्याच्या मुलाने माझा क्लास घेतला. तबकडीवर 'सबमरिनर' हा शब्द लाल आहे. १६८० या मॉडेलच्या सुरुवातीच्या घड्याळांत तो लाल असे, सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर पांढरा झाला. म्हणजे लाल चांगला. पण नुसत्या लालवर भागत नाही. खाली पाण्याची खोली छापलेली असते. काही तबकड्यांवर आधी २०० मीटर आणि मग ६६० फूट, काहींवर उलट. आधी मीटरवाल्या जुन्या. त्यातही ६६० मधल्या इंग्रजी सहाची शेपटी वळून पोटाला चिकटते की थोडी अलीकडेच थांबते, यावर पोटजाती. संग्राहकांनी त्यांना क्रमांक दिलेत. एका पोटजातीचा सहा दुसऱ्या पोटजातीच्या ओळीत दिसला, की तबकडी नकली किंवा पुन्हा रंगवलेली. आमच्या तबकडीला उघडा सहा हवा होता.

"काका, सहाचं तोंड उघडं आहे की मिटलेलं?"

मी बघितलं. उघडं होतं. पापणी लवली, मिटलं. चष्मा पुसला, पुन्हा जांभई देताना दिसलं. माझ्या आख्ख्या नोकरीत सहा हा सहा होता. फार तर कुणी उलटा जुळवला तर नऊ व्हायचा.

शेजारच्या काणकोणकर मावशींच्या जावयाने तेवढ्यात सांगितलं की खऱ्या रोलेक्सच्या काचेवर सहाच्या खुणेपाशी डोळ्याला जेमतेम दिसणारा मुकुट कोरलेला असतो. इथे नाही, म्हणजे खोटं. मोठा मेव्हणा खूष झाला. पण ती पद्धत २००० नंतरची. सत्तरच्या घड्याळावर मुकुट सापडला असता, तर उलट संशय आला असता.

तबकडीच्या तळाशी 'स्विस'च्या बाजूला 'टी' आणि २५ पेक्षा कमी अशी खूण होती. टी म्हणजे ट्रिटियम, काट्यांना अंधारात चमकवणारं, आणि २५ ही मिलिक्युरीतली, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायच्या एककातली, मर्यादा. ट्रिटियम दर बारा वर्षांनी साधारण निम्मं होतं. म्हणजे इतक्या वर्षांनी काटे उजळले तर घोटाळा. भाचा घड्याळ घेऊन न्हाणीघरात शिरला, दिवा बंद केला. बाहेर आख्खं घर दाराला कान लावून उभं.

"चमकलं?"

"नाही!"

"मेलं ना? म्हणजे खरं!" धाकटा ओरडला. सुतकातल्या घराला हे वाक्य शोभलं नाही.

शेवटी म्हापशाला एका जुन्या घड्याळजीकडे गेलो. त्याने मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाला, "मशीन चांगलं आहे हो. डायल मात्र तपकिरी पडली. नवी रंगवून देऊ? झकास काळी होईल." भाच्याने टेबलाचा आधार घेतला. काळ्याची तपकिरी झालेली तबकडी शौकीन जास्त पैसे देऊन घेतात. तिला 'ट्रॉपिकल' म्हणतात. कंपनीने स्वतः बदलून दिलेली नवी तबकडी मात्र त्यांना चालत नाही. कंपनीची असूनही ती मूळची नव्हे! आयुष्यभर मी चुका काढल्या म्हणून पगार मिळाला. या धंद्यात चूक जपून ठेवली तर पैसे मिळतात.

२०२१ मध्ये जिनिव्हातल्या लिलावात ओमेगाचं एक तपकिरी तबकडीचं स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. घेणारं होतं खुद्द ओमेगाचं संग्रहालय. दोन वर्षांनी कळलं, ते निरनिराळ्या सुट्या भागांतून जुळवलेलं होतं. ज्यांनी घड्याळ जन्माला घातलं त्यांना ओळखता आलं नाही, आणि माझ्याकडून अपेक्षा न्हाणीघराबाहेर उभं राहून!

वकिलाने तोडगा काढला. यादीत लिहिलं: 'एक जुने मनगटी घड्याळ, तबकडीवर रोलेक्स असे अक्षर असलेले.' आणि त्यावर बोली लागेल असं ठरलं.

त्या रात्री मोठ्याचा फोन. बोली लावण्याइतके पैसे त्याच्याकडे नव्हते, पण दुसऱ्याने चढी लावली तर त्यातला तिसरा हिस्सा त्याचा. "भावोजी, मी नीट बघितलं. ओरिजिनलच आहे हो. बाबा डुप्लिकेट घेतील का?"

तो ठेवतो न ठेवतो तोच धाकट्याचा. त्याला घड्याळ हवं होतं, स्वस्तात. "भावोजी, तुम्ही उद्या सगळ्यांसमोर एवढंच सांगा, की सहा मिटलेला आहे."