चौथं घर, सातवी पायरी

गावात असं मिसळून जावं की गावाला आपला विसर पडावा, असं आम्हाला मानवशास्त्राच्या वर्गात शिकवलं होतं. शिकवणाऱ्यांच्या गावात भोंगा नसणार.

माझ्या गावात होता. ईशान्य थायलंडात, ज्याला इसान म्हणतात तिथल्या रोय एत प्रांतात, सरपंचांच्या अंगणातल्या खांबावर. आदल्या संध्याकाळी मी सरपंचांना हळूच सांगितलं होतं की उद्यापासून घरोघरी जाऊन माहिती घेईन. माणसं किती, शेत किती, म्हशी किती, एवढंच. ते म्हणाले, "आजान, तुम्ही बिनघोर झोपा." (आजान म्हणजे आपला आचार्य. तिकडे पोचेपर्यंत बिचारा असा झिजलाय.) पहाटे साडेपाचला भोंगा खाकरला, मोलाम या इसानी लोकसंगीतातलं एक गाणं वाजलं आणि सरपंचांचा आवाज आला : "आज खॅक येणार आहे. सगळ्यांनी घरी थांबा."

थाय भाषेत खॅक म्हणजे पाहुणा. आणि खॅक म्हणजे आपल्यासारखा भारतीय माणूसही. मी दोन्ही अर्थांनी खॅक होतो, म्हणजे सुटकेला वाव नव्हता.

माझा हिशेब साधा होता. घराला वीस मिनिटं, दहा घरं, जेवणाच्या वेळेपर्यंत मोकळा. पहिल्याच फाटकात आजीबाई उभ्या. म्हाताऱ्या बाईला तिकडे याय म्हणतात. "किन खाव लॅव बो?" भात खाल्लास का? आमच्या मालवणातही रस्त्यात भेटणारा माणूस 'जेवलास?' विचारतो, आपण 'हो' म्हणतो, दोघं आपापल्या वाटेला लागतात. मीही 'हो' म्हणालो. याय म्हणाल्या, "मग थोडाच खा."

चटई आली. बांबूच्या झाकणाच्या टोपलीतून, म्हणजे कातिपमधून, वाफवलेला चिकट भात आला. इसानात खायचा भात हा. जगभर जाणारा सुवासिक जास्मिन तांदूळ हेच लोक पिकवतात, पण तो मुख्यतः विकायला. चिकट भाताचा गोळा उजव्या हाताच्या बोटांनी वळायचा, चटणीत टेकवायचा आणि तोंडात. पहिल्या गोळ्याला मी बोटं चिकटवून घेतली. दुसऱ्याला टोपलीचं झाकण उघडं टाकलं. यायनी झडप घालून ते लावलं आणि विचारलं, "लग्न झालंय?" झाकण उघडं राहिलं की नवरा-बायकोची फारकत होते म्हणे. मी अविवाहित आहे म्हटल्यावर त्यांना कारण सापडल्यासारखं दिसलं. माझ्या वहीत अजून एक आकडा पडला नव्हता. त्यांच्याकडे माझं वय, पगार, बहिणी आणि लग्न लांबण्याचं मूळ एवढं जमा झालं होतं.

दुसऱ्या घरी मातीच्या खलात कच्च्या पपईची कोशिंबीर, सोम तम, कुटली जात होती. वास आला तेव्हा मी हसलो. खारा बांगडा भाजल्यावर शेजारी खिडक्या लावून घेतात अशा घरात वाढलोय मी. माशाच्या वासाने मालवणी माणूस हलायचा नाही. मग माठाचं झाकण निघालं. प्लारा. गोड्या पाण्यातला मासा मीठ आणि कोंड्यात मुरवून महिनोन् महिने ठेवलेला. सुकटीला मी उगाच इतकी वर्षं उग्र म्हणत आलो, हे त्या क्षणी कळलं. डोळ्यांतून पाणी आलं ते मिरचीमुळे, असं सांगितलं. घरधनीण प्रसन्न झाली आणि तिने आणखी एक पळी घातली.

१९५० मध्ये जॉन एम्ब्री नावाच्या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की थाय समाजाची बांधणी सैल आहे. तिथे माणसावर बंधनं कमी. या गृहस्थाने दुसऱ्या घरातून न जेवता निघून पाहिलं नसावं.

तिसऱ्या घराबद्दल फार लिहीत नाही. आमचं गाव ज्या सपाट माळावर आहे त्याचं नाव थुंग कुला रोंग हाय, म्हणजे कुला व्यापारी जिथे रडले ते माळरान. लोक सांगतात, ते पाण्यावाचून रडले. माझा कयास असा की ते दारोदार माल विकत होते.

चौथं घर खांबांवरचं, जुन्या पद्धतीचं. तिकडे जिन्याच्या पायऱ्या विषम संख्येत ठेवतात, सम पायऱ्या भुतांच्या. या घराला नऊ होत्या. पोटात तीन घरांचा भात घेऊन मी सातवीपर्यंत चढलो आणि तिथून, वहीसकट, खाली अंगणात कोंबड्यांमध्ये उतरलो.

माणसं धावली. मला वाटलं, उचलायला. एकाने विचारलं, "कितव्या पायरीवरून?" दुसरी म्हणाली, "सातव्या, मी बघितलं." "घर कितवं?" "आजचं चौथं." कोणीतरी माझ्या वहीचं उघडं पान वाचलं. कोणीतरी कोंबड्या मोजल्या. मला उठवलं ते यानंतर.

थायलंडात सरकारी लॉटरीची सोडत महिन्याच्या १ आणि १६ तारखेला असते. तिकीट ८० बाट, शेवटचे दोन आकडे जुळले तर २,००० बाट. आकडे स्वप्नातून येतात, अपघातातून येतात, झाडाच्या सालीवर पावडर चोळली की दिसतात. मी पडलो ती तारीख १५ होती.

दुसऱ्या दिवशी ७४ लागला. बहुतेकांनी ४७ घेतला होता, पण दोन्ही बाजूंनी विचार करणारी पाच शहाणी घरं निघाली. संध्याकाळी पाचही घरांतून मला जेवायला बोलावणं आलं.

महिनाअखेरीला, सोडतीच्या आदल्या दिवशी, मी उरलेल्या घरांसाठी लंगडतच निघालो. सरपंचांना काही कळवलं नव्हतं, तरी पहाटे भोंगा बोलला : खॅक निघालाय. या वेळी भाताचं कुणी विचारलं नाही. पाचव्या घरापाशी मात्र बरीच गर्दी होती. याय होत्या, सोम तमवाली होती, सरपंच स्वतः होते. सगळे जिन्याच्या दोन्ही बाजूंना उभे, नजर माझ्या पायांवर, आणि शाळेत जाणाऱ्या एका पोराच्या हातात वही-पेन्सिल.

मी पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं. त्याने लिहिलं : एक.